मूळ नोंद पुसण्याचा अधिकार कोणी दिला?

सरकारी दप्तरांचं संगणकीकरण करणाऱ्या मंडळींमध्ये एक मत इतकं मुरलेलं आहे की त्यावर आता कुणी बोलतही नाही. तारीख म्हणजे दिवस, महिना, वर्ष. क्षेत्र हेक्टरमध्ये, धान्य क्विंटलमध्ये. माणूस तोंडाने काय बोलला, जुन्या कागदावर काय लिहिलं होतं, ते एकदा या साच्यात बसवलं की मूळ मजकुराचं काम संपलं. तो ठेवला तर तक्ता गबाळा दिसतो, बेरीज अडते, अहवाल लांबतो. ‘पुराच्या आदल्या वर्षी’, ‘पोळ्याच्या सुमारास’, ‘असेल दहा एकर’ ही बोलण्याची तऱ्हा संगणकाला कळत नाही, तेव्हा नोंद करतानाच ती निस्तरून टाकावी आणि रकान्यात नेमका आकडा भरावा. या मताला शिस्तीचं नाव दिलं जातं. मला त्यात शिस्त दिसत नाही. एका माणसाने दिलेली माहिती दुसऱ्याने परस्पर बदलायची आणि बदलल्याची खूणही ठेवायची नाही, याला कुठल्याही जुन्या दप्तरात खाडाखोड म्हटलं असतं. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत तर या खाडाखोडीवर माणसाची जमीन राहते किंवा जाते.

या भागाची जुनी दप्तरं एका सरकारची नाहीत, हे आधी लक्षात घेतलं पाहिजे. आजचा गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा झाला. त्याआधीचा चांदा जिल्हा आधी मध्य प्रांताचा आणि नंतर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाचा भाग होता. त्याच वेळी वर्धा नदीपलीकडचा राजुऱ्याचा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेनंतर तो आधी नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांद्यात आला. म्हणजे आज एका जिल्हाधिकाऱ्याच्या अखत्यारीत असलेल्या जमिनीचे जुने कागद दोन वेगळ्या महसुली परंपरांचे आहेत. मध्य प्रांतात एकराचे शंभर भाग करून डिसमिल मोजत. हैदराबादेत एकराचे चाळीस गुंठे. आता जुन्या कागदावर क्षेत्राच्या जागी ‘२.२०’ असं लिहिलेलं आहे. मूल किंवा सिंदेवाहीकडचा कागद असेल तर ते दोन एकर वीस डिसमिल, म्हणजे सरळ २.२० एकर. राजुऱ्याकडचा असेल तर दोन एकर वीस गुंठे, म्हणजे अडीच एकर. अंक तेच, टिंब तेच, आणि जमिनीत तीस डिसमिलचा फरक. नोंद करणाऱ्याने यातला एक अर्थ धरला, हेक्टर काढले, रकान्यात भरले आणि मूळ ‘२.२०’ टाकून दिलं, तर पुढच्या माणसाने ती चूक शोधायची कशी? हेक्टरचा आकडा चुकीचा असला तरी दिसायला अगदी बरोबर असतो. त्याच्या अंगावर कुठेही लिहिलेलं नसतं की मी गुंठ्यांतून आलो की डिसमिलमधून.

तीच गोष्ट सालाची. राजुऱ्याच्या जुन्या दप्तरांत फसली साल आहे. फसली १३६४ म्हणजे इसवी १९५४-५५. फसली साल दोन इसवी सालांवर पसरलेलं असतं, म्हणून एका फसली सालाचं एक इसवी साल होतच नाही. तरीही साचा एकच साल मागतो. कुणी १९५४ लिहील, कुणी १९५५, आणि दोघेही मूळ फसली आकडा गाळतील. एकाच सालचे दोन कागद दोन वेगळ्या वर्षांचे होऊन बसले की मग कुठला आधी आणि कुठला नंतर, याचा वाद उभा राहतो. हा वाद कागदांनी निर्माण केलेला नसतो, तो रकान्याने निर्माण केलेला असतो. जिवती तालुक्यातल्या ज्या १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही हक्क सांगतात, तिथे दोन मापांची ही गोष्ट जुनीही नाही. इकडे हेक्टर-आर आणि पलीकडच्या राज्यात आजही एकर-गुंठे. तिथल्या शेतकऱ्याच्या हातातल्या दोन कागदांचा मेळ घालायचा तर दोन्ही कागदांवर मुळात काय लिहिलं आहे, ते जसंच्या तसं समोर हवं.

आता वनहक्काकडे येऊ, कारण या मताची खरी किंमत तिथे मोजावी लागते. २००६ चा वनहक्क कायदा एका तारखेवर उभा आहे: १३ डिसेंबर २००५. अनुसूचित जमातीच्या दावेदाराचा त्या तारखेआधीपासून जमिनीवर ताबा असला पाहिजे. इतर पारंपरिक वननिवासींना त्या तारखेमागची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती दाखवावी लागते, थेट १९३० पर्यंत. या भागातल्या जबरानजोत, म्हणजे वनजमीन कसणाऱ्या, शेतकऱ्याकडे १९३० चा कागद असेल, अशी अपेक्षा कायदा करणाऱ्यांनीही केली नाही. म्हणून नियमांनी दावेदाराखेरीज गावातल्या अन्य वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून धरला आहे. २०१२ च्या सुधारणेने तर समित्यांनी अमुकच कागद हवा असा हट्ट धरू नये आणि उपग्रहाचं छायाचित्र इतर पुराव्याला पूरक मानावं, त्याच्या जागी नव्हे, असंही सांगितलं. कायद्याने माणसाच्या बोलण्याला एवढी जागा ठेवली, आणि तेच बोलणं संगणकावर घेताना आपण त्यातून फक्त दिवस-महिना-वर्ष काढून घेतो आणि बाकीचं फेकून देतो. हा अधिकार कुठल्या कलमाने दिला?

म्हातारा माणूस जबाबात काय सांगतो ते पाहा. सिरोंच्याकडचा माणूस १९८६ च्या गोदावरीच्या महापुरावरून काळ सांगेल. भामरागडचा सांगेल की हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा ही बांधी होती. तो प्रकल्प १९७३ च्या डिसेंबरात सुरू झाला. या वाक्यातून कळतं ते एवढंच, की ताबा त्याच्या आधीचा आहे. किती आधीचा, ते सांगणाऱ्याने सांगितलेलं नाही. अनुसूचित जमातीच्या दाव्याला तेवढं पुरेसं आहे, कारण डिसेंबर १९७३ च्या आधीची गोष्ट २००५ च्या आधीची आहेच. पण साच्याला ‘च्या आधी’ हे दोन शब्द चालत नाहीत. त्याला दिवस हवा. मग संगणकावर बसलेला पोरगा ०१/०१/१९७३ भरतो. सांगणाऱ्याने एक सीमा सांगितली होती, तिचा एक दिवस झाला, आणि तो दिवस कुणीच कधी उच्चारला नव्हता. उद्या पडताळणीला बसलेल्या अधिकाऱ्यासमोर एकाच गावचे पुष्कळ दावे १ जानेवारीचे आले, तर त्याला काय वाटेल? सगळ्यांनी ठरवून एकच तारीख लिहिली, दावे बनावट आहेत, असंच वाटेल. खोटं कुणी बोललं? दावेदार तर नाही.

हे काही वनहक्कापुरतं नाही. आधारच्या नोंदणीत जन्मतारीख कागदावरून पडताळलेली, सांगितलेली की अंदाजाची, असे वेगळे प्रकार केलेले आहेत, आणि कितीतरी कार्डांवर फक्त जन्मवर्ष छापलेलं आहे. म्हणजे नोंद करणाऱ्या यंत्रणेने प्रामाणिकपणे सांगितलं की आम्हाला वर्ष माहीत आहे, दिवस माहीत नाही. पुढच्या योजनेच्या अर्जाला मात्र पूर्ण तारीख लागते. तिथे १ जानेवारी येते, आणि ‘अंदाजाची’ ही खूण वाटेत गळून पडते. एकदा ती गळली की निराधार योजनेपासून विम्यापर्यंत प्रत्येक ठिकाणी त्या १ जानेवारीला खरी जन्मतारीख मानून वय काढलं जातं आणि दोन कागदांतल्या तफावतीचा जाब त्या म्हाताऱ्या बाईला द्यावा लागतो. तिने कधीच तारीख सांगितली नव्हती.

या मताचा दुसरा आधार असा, की लोकांचं बोलणं ढोबळ असतं आणि रकाना नेमका असतो. हे तर साफ खोटं आहे. ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी’ हे ढोबळ आहे का? साल माहीत असेल तर पंचांग उघडून त्याची इंग्रजी तारीख एका मिनिटात काढता येते, कारण पोळा श्रावणी अमावास्येचा. ‘मार्कंड्याची जत्रा भरली त्या दिवशी’ म्हटलं तर ती महाशिवरात्र. चामोर्शी तालुक्यातल्या त्या देवळाची जत्रा कधी भरते हे इथल्या पोराटोरालाही ठाऊक आहे. सांगणाऱ्याने दिवस नेमका सांगितला. नोंद करणाऱ्याला पंचांग पाहायचं सुचलं नाही, म्हणून त्याने ऑगस्टची नाहीतर फेब्रुवारीची १ तारीख टाकली. यात ढोबळ कोण? मूळ शब्द ठेवले असते तर कुणीही जाणकार नंतर नेमकी तारीख लावू शकला असता. शब्द पुसल्यावर ती वाट बंद झाली. आणि रकान्याच्या नेमकेपणाचं म्हणाल, तर ०३/०४/१९९८ ही ३ एप्रिल की ४ मार्च, हे एक्सेल संगणकाच्या मांडणीवरून ठरवतं. मांडणी अमेरिकी असेल तर महिन्याच्या १२ तारखेपर्यंतचे दिवस आणि महिने ते गुपचूप उलटे करतं आणि १३ च्या पुढची तारीख नुसता मजकूर म्हणून सोडून देतं. वर्षातले १३२ दिवस असे उलटू शकतात. हा दोष काही आपल्याच तहसिलींतला नाही. एक्सेल जनुकांच्या नावांना सप्टेंबर आणि मार्चच्या तारखा समजून बदलत होतं, म्हणून जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये ती नावंच बदलली. जगातल्या शास्त्रज्ञांचे तक्ते जिथे सुटले नाहीत, तिथे तालुक्याच्या ठिकाणी मार्चअखेरच्या घाईत भरलेल्या तक्त्यावर डोळे मिटून विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा? मूळ शब्द शेजारी असता तर उलटलेली तारीख निदान ओळखता तरी आली असती.

मापाकडे पाहिलं तर हीच खोट्या नेमकेपणाची हौस अधिक उघडी दिसते. दावेदार म्हणतो, ‘दहा एकर असेल.’ नजरेने सांगितलेला आकडा आहे, बोलणाराही ते लपवत नाही. यंत्र त्याचे ४.०४६९ हेक्टर करतं. हेक्टरच्या चौथ्या दशांशस्थानी एक चौरस मीटर असतो. जो माणूस एखाद्या एकराची सूट ठेवून बोलला, त्याच्या तोंडी आपण चौरस मीटरचा हिशेब घातला. वर कायद्याची व्यक्तिगत मर्यादा चार हेक्टरची. आकडा तिच्या वर जातो म्हणून साचा तो नाकारतो, आणि भरणारा ४.०० लिहून मोकळा होतो. आता कागदावर ना दावेदाराचे दहा एकर राहिले, ना मोजणीचं क्षेत्र. त्याहून वाईट चूक हेक्टर-आरची. सातबाऱ्यावर हेक्टर, आर आणि चौरस मीटर टिंबं देऊन लिहितात. एक हेक्टर पाच आर म्हणजे १.०५. पण हाताने लिहिणारा ‘१.५’ लिहितो, कारण त्याच्या मनात टिंबाच्या एका बाजूला हेक्टर आणि दुसऱ्या बाजूला आर आहेत. संगणक ते दीड हेक्टर वाचतो. ४५ आरांचा फरक, एकराहून जास्त. मूळ ‘१ हे. ५ आर’ शेजारच्या रकान्यात असतं तर ही चूक पाहणाऱ्याच्या डोळ्यात भरली असती.

तेंदूपत्त्याचं उदाहरण तर दर उन्हाळ्याचं आहे. महाराष्ट्रात तेंदूचा पुडा ७० पानांचा, छत्तीसगडात गड्डी ५० पानांची. दोन्हीकडे हजारांची एक प्रमाण गोणी, दोन्हीकडे तिला ‘स्टँडर्ड बॅग’च म्हणतात. आपल्या गोणीत ७०,००० पानं, सीमेपलीकडच्या गोणीत ५०,०००. छत्तीसगड सरकारने २०२४ पासून गोणीला ५,५०० रुपये दर दिला. पानाला ११ पैसे पडले. त्याच हिशेबाने आपल्या गोणीला ७,७०० रुपये व्हायला हवेत. आता दोन्ही राज्यांचे दर ‘स्टँडर्ड बॅग’ नावाच्या एकाच रकान्यात शेजारी ठेवा. धानोरा किंवा कोरची तालुक्यातल्या ग्रामसभेला ६,००० रुपये देणारा कंत्राटदार छातीठोकपणे सांगू शकतो की पलीकडच्यापेक्षा मी पाचशे जास्त देतो. प्रत्यक्षात तो पानामागे जवळजवळ अडीच पैशांनी कमी देत असतो. वनहक्क आणि पेसा कायद्यामुळे इथल्या ग्रामसभा आता स्वतः तेंदू विकतात, भाव ठरवतात. फळीवर, म्हणजे तेंदू संकलनाच्या जागी, बसणारी बाई पुडे मोजते आणि पुड्यात किती पानं बांधली ते तिला ठाऊक असतं. ते ज्ञान तक्त्यात येत नाही, कारण तक्ता करणाऱ्याने ‘बॅग’ हे प्रमाण माप धरलं आणि त्याच्या आतलं पान मोजायची गरज त्याला वाटली नाही. माप सारखं करणं म्हणजे त्याचं नाव सारखं करणं नव्हे. धानाचंही तेच आहे. पायली, कुडव, खंडी ही मापाने मोजायची परिमाणं, क्विंटल वजनाचा. दाणा बारीक की ठोकळ, ओल किती, यावर खंडीचं वजन ठरतं. खरेदी केंद्रावरही ओलीची १७ टक्क्यांची मर्यादा असते. एकच गुणक सगळ्या खंड्यांना लावून जुन्या उत्पन्नाचे क्विंटल काढले, तर तो गुणक कोणता होता, एवढं तरी लिहून ठेवाल की नाही?

यावर नेहमीचं उत्तर येतं: मजकुरावर बेरीज होत नाही, क्रम लागत नाही. पण मजकुरावर बेरीज करा असं म्हणतंय कोण? रूपांतर करू नका, असं मी म्हणत नाही. रूपांतर हवंच, हेक्टर हवेत, इसवी तारीख हवी. रूपांतर केलेला आकडा मूळ शब्दाच्या शेजारी ठेवा, त्याच्या जागी नको, एवढीच मागणी आहे. एका रकान्यात माणूस बोलला तसं, दुसऱ्यात ‘याच्या आधी नाही’ आणि तिसऱ्यात ‘याच्या नंतर नाही’ अशा दोन सीमा, आणि आकडा मोजलेला, सांगितलेला की नजरेचा याची खूण. हेमलकशाच्या जबाबात पहिली सीमा रिकामी राहील आणि दुसरी २३ डिसेंबर १९७३ होईल. क्रम लागेल, बेरीज होईल, १३ डिसेंबर २००५ शी तुलनाही होईल, आणि खोटं एक अक्षर लिहावं लागणार नाही. तारखा लिहिण्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाण आयएसओ ८६०१ हे १९८८ पासून आहे, आणि त्याच्या २०१९ च्या दुसऱ्या भागात अंदाजाची, संशयाची, अर्धवट माहीत असलेली तारीख कशी लिहायची याचे नियम दिलेले आहेत. अंदाजाचं १९७२ लिहायचं तर पुढे एक ~ काढायचा, बस. ज्यांच्या नावाने आमच्याकडे ‘प्रमाणीकरण’ म्हणत मूळ शब्द पुसले जातात, त्या प्रमाण ठरवणाऱ्यांनीच अनिश्चिततेला जागा करून दिली आहे.

दुसरं उत्तर: लोकांना नेमकं सांगायची सवय लागली पाहिजे. देशाने १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा केला, मेट्रिक पद्धत आणली, मग मागे का जायचं? मेट्रिक पद्धत आली ती नव्या मोजणीसाठी. जुनं माप नव्या भाषेत सांगताना जुनं जाळा, असं त्या कायद्यात कुठेही नाही. आणि नेमकेपणा हवा असेल तर तो कसा मिळतो, ते गडचिरोलीनेच दाखवलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने नवजात बालकांच्या मृत्यूंवर काम केलं तेव्हा एकेक दिवस महत्त्वाचा होता, कारण २८ दिवसांच्या आतला मृत्यू आणि त्यानंतरचा मृत्यू यांची गणना वेगळी होते. त्यांनी गावातल्याच बायांना शिकवलं, त्या बाळंतिणीच्या घरी गेल्या, बाळाचं वजन केलं, पुन्हा पुन्हा जाऊन पाहिलं आणि लिहिलं. ३९ गावांत हे काम करून त्यांची तुलना ४७ गावांशी केलेला तो अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. तिथे तारीख नेमकी होती, कारण तारखेच्या दिवशी माणूस तिथे हजर होता. रकाना सक्तीचा केला म्हणून ती नेमकी झाली नाही. सक्तीच्या रकान्यातून फक्त १ जानेवारी मिळते.

तिसरं उत्तर मला सगळ्यांत जास्त खटकतं: मूळ कागद फाइलीत आहेच की. कुणाच्या फाइलीत? एटापल्लीच्या माणसाचा जबाब तालुक्याच्या गठ्ठ्यात असतो आणि निर्णय यादी पाहून होतो. यादीत जे आहे तेच समितीला दिसतं. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढण्याचा आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती दिली. त्या प्रकरणात राज्यांनी न्यायालयापुढे ठेवलेली माहिती ही आकड्यांचीच होती, गठ्ठ्यांची नव्हती. खोट्या दाव्यांना वाव मिळेल, ही भीतीही उलटी आहे. ०१/०१/१९७३ या तारखेची तपासणी कशी करणार? तिच्यात तपासण्यासारखं काहीच नाही. ‘हेमलकशाचा प्रकल्प आला तेव्हा’ या वाक्याची मात्र शेजारच्या चार म्हाताऱ्यांना विचारून शहानिशा होते. आणि खर्चाची गोष्ट तर काढूच नका. एका जबाबातली दोन ओळींची टाचण साठवायला जी जागा लागते ती अर्जाला जोडलेल्या एका छायाचित्राच्या पासंगालाही पुरत नाही.

ग्रामसभेच्या निर्णयाविरुद्ध दावेदाराला उपविभागीय समितीकडे जायला ६० दिवस मिळतात, आणि उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे जायला पुन्हा ६०. त्या मुदतीत त्याला एवढं तरी कळलं पाहिजे की त्याच्या कोणत्या शब्दाचा कोणता आकडा झाला, तो कुणी केला आणि कोणत्या हिशेबाने केला. म्हणून वनहक्काच्या, सातबाऱ्याच्या, तेंदू-धानाच्या प्रत्येक संगणकीय नोंदवहीत मूळ मजकुराचा रकाना सक्तीचा करा, तो भरल्यानंतर कुणालाही पुसता येणार नाही अशी सोय करा, आणि तारखेच्या रकान्यावरची सक्ती आजच काढा. ज्या याद्यांमध्ये १ जानेवारीच्या रांगा लागल्या आहेत, त्या गठ्ठ्यांतले जबाब समोर ठेवून पुन्हा भरा, आणि तोवर त्यांच्यातल्या तारखांच्या आधारावर एकही दावा फेटाळू नका.